एकरंगी फुलदाणी आणि अर्ध्या टक्क्याचं तांबं

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात वॉल्टर्स आर्ट म्युझियम आहे. तिथे एक चिनी फुलदाणी आहे, साधारण वीतभर उंचीची. तिच्यावर ड्रॅगन नाही, कमळं नाहीत, सोन्याची रेघ नाही. आहे तो फक्त एक रंग, गुलाबीकडे झुकणारा लाल. बुडाशी निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ एवढाच की ही वस्तू छिंग राजवटीत, कांगशी सम्राटाच्या काळात बनली. कांगशीचा काळ १६६२ ते १७२२, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांपासून पहिल्या बाजीरावाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंतचा.

१८८६ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी मॉर्गन नावाच्या श्रीमंत बाईंच्या संग्रहाचा त्यांच्या मृत्यूनंतर लिलाव झाला, तेव्हा ही फुलदाणी १८,००० डॉलरला गेली. त्या काळात ही रक्कम एवढी अचाट होती की वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. चित्र नाही, नक्षी नाही, आणि एका रंगासाठी एवढे पैसे? पण त्याच टिंगलीमुळे रंग इतका गाजला की वेस्ट व्हर्जिनियातल्या एका काच कारखान्याने लगेच त्या रंगाची काच बनवून बाजारात आणली. इंग्रजीत या रंगाला पीचच्या मोहोराचं नाव पडलं. चिनी नाव मात्र आपल्याला जास्त जवळचं आहे. ते लोक याला चवळीचा लाल म्हणतात. लालसर चवळीचे दाणे डोळ्यांसमोर आणा, कुठे गडद, कुठे फिकट, मधेच एखादा डाग. रंग बरोबर तसाच आहे.

आता समजा ही फुलदाणी मी तुमच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, हा लाल रंग कशाचा आहे?

सायन्सचे विद्यार्थी म्हणून तुमचं उत्तर मला आधीच माहीत आहे. "एक्सआरएफ करू." पोर्टेबल एक्सआरएफ मशीन हेअर ड्रायरसारखं हातात धरता येतं. क्ष-किरण वस्तूवर पडतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं आणि मिनिटभरात स्क्रीनवर यादी येते. वस्तूला ओरखडासुद्धा पडत नाही. यादीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि थोडं लोह दिसेल. आणि तांबं. या जातीच्या लाल झिलईत तांबं साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. झालं, सापडलं उत्तर! "लाल रंग तांब्यामुळे आहे." आता फक्त पेपर लिहायचा.

थांबा. हीच यादी, अगदी हेच आकडे, एका हिरव्या फुलदाणीचेही असू शकतात.

हा लेख त्या दोन फुलदाण्यांमधल्या फरकाबद्दल आहे. मी पीएचडीला आल्यावर पहिल्या वर्षी वाचलेल्या गोष्टींपैकी ही एक माझ्या डोक्यात पक्की बसली, कारण कुठल्याही मटेरियलवर काम करा, आज ना उद्या तुम्हीही इथेच येऊन उभे राहता. मोजमाप बरोबर असतं, फक्त ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

आधी झिलईबद्दल थोडं

आपण सगळ्या भांड्यांना सरसकट चिनीमाती म्हणतो, लोणच्याच्या बरणीलाही आणि चहाच्या कपालाही. पण पोर्सेलिन ही वेगळी चीज आहे. चीनच्या जियांगशी प्रांतातलं जिंगदेझेन हे तिचं माहेरघर. तिथे एक खास दगड कुटून त्याची भुकटी करत आणि त्यात पांढरी माती मिसळत. या मातीला आपण केओलिन म्हणतो आणि हे नावच मुळी जिंगदेझेनजवळच्या गावलिंग गावावरून आलं आहे. हे मिश्रण १२५० ते १३०० अंश सेल्सियसपर्यंत भाजलं की घट्ट, पांढरं आणि पातळ असेल तर प्रकाश आरपार जाऊ देणारं भांडं तयार होतं.

झिलई, म्हणजे ज्याला आपण सगळेच ग्लेझ म्हणतो, ती म्हणजे त्या भांड्यावर चढलेली काच. दगडाच्या भुकटीत चुन्याची राख घालायची (जिंगदेझेनमध्ये चुनखडी नेच्याच्या झुडपांबरोबर जाळून ही राख करत), पाण्यात कालवायचं, भांड्यावर चढवायचं आणि भाजायचं. काच वितळते, पसरते आणि थंड होताना भांड्याला चिकटून बसते. या काचेत कुठल्या धातूचा अंश आहे यावर रंग ठरतो. कोबाल्टचा निळा आणि लोहाचा फिकट हिरवा किंवा तपकिरी. शिशाची झिलई करून त्यात लोह घातलं आणि कमी तापमानाला भाजलं, तर सम्राटाचा खास पिवळा.

एकरंगी भांडी ही नुसती आवडीनिवडीची बाब होती असं समजू नका. मिंग घराण्यातल्या जियाजिंग सम्राटाने १५३० साली राज्याच्या पूजाविधींची फेररचना केली, तेव्हा वेदीप्रमाणे भांड्यांचे रंग ठरले. आकाशाच्या वेदीला निळा, पृथ्वीला पिवळा, सूर्याला लाल, चंद्राला पांढरा. लाल रंग "जमला नाही" असं सांगायची सोय कुंभारांना राहिली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रंग भट्टीतल्या हवेत आहे

तांब्याकडे वळू. भट्टीत भरपूर हवा असेल तर तांबं क्युप्रिक रूपात काचेत विरघळतं आणि काच हिरवी किंवा हिरवट निळी होते. मोरचूद आठवा. आता त्याच भट्टीत हवा कोंडली, लाकूड धुमसू दिलं, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो ऑक्सिजनचा भुकेला असतो, मिळेल तिथून ओढून घेतो, झिलईतल्या तांब्याकडूनही. क्युप्रिकचं क्युप्रस होतं आणि त्यातल्या थोड्या तांब्याचा चक्क शुद्ध धातू होतो. काच थंड होत असताना हे धातूचे अणू एकत्र येऊन काही दहा नॅनोमीटर आकाराचे कण बनतात. असे कण ५६० ते ५७० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा-पिवळा प्रकाश शोषून घेतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत लाल पोचतो. ज्यांनी सोन्याच्या नॅनोकणांचं लाल द्रावण एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला बनवलं असेल, त्यांनी याचाच चुलतभाऊ पाहिला आहे.

ऐकायला सोपं वाटतं. करायला मात्र भयंकर. धूर वेळेवर हवा. झिलई वितळून एकदा तिचं तोंड बंद झालं की गॅस आत शिरत नाही, म्हणून हवा त्याआधीच कोंडायला हवी. पण फार लवकर कोंडली तर काजळी अडकते. तापमान जास्त झालं तर तांबं उडून जातं, कारण या तापमानाला ते पृष्ठभागावरून हळूहळू वाफ होऊन निसटतं. कण फार बारीक राहिले तर रंगच नाही, फार मोठे झाले तर कलेजीसारखा मातकट तपकिरी. शेवटी थंड होताना भट्टीत हवा घुसली तर वरचा थर पुन्हा हिरवा. हे सगळं थर्मामीटरशिवाय, पाइनचं लाकूड जाळून, एवढ्या मोठ्या भट्टीत की तिच्या दोन टोकांचं तापमान कधीच सारखं नसतं.

म्हणून हे रंग वाचता येतात. गडद लाल, रक्तासारख्या झिलईच्या फुलदाणीच्या काठाकडे पाहिलंत तर काठ पांढरा दिसतो. तिथे झिलई ओघळून पातळ झालेली असते आणि तांबंही निसटलेलं असतं. मॉर्गन फुलदाणीच्या जातीच्या भांड्यांवर मधेच हिरवे ठिपके दिसतात. ते ऑक्सिजन पोचल्याच्या खुणा आहेत. संग्राहकांना हे हिरवे ठिपके इतके आवडतात की त्यांची वर्णनं भरभरून केली जातात. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर ती भट्टीतल्या हवेची नोंदवही आहे, भांड्याच्या अंगावरच लिहिलेली.

सरासरीचा सापळा

आता थोडं खोलात जाऊ, कारण संशोधनाला येणाऱ्यांसाठी खरा मुद्दा इथे आहे.

एक्सआरएफने तांबं किती ते सांगितलं, कुठल्या रूपात ते नाही. मग तुम्ही म्हणाल, सिंक्रोट्रॉनवर जाऊ आणि क्ष-किरण शोषणाचा स्पेक्ट्रम घेऊ. त्यात ऑक्सिडेशन अवस्था कळते. बरोबर, कळते. आणि अशा लाल काचांमध्ये बऱ्याचदा उत्तर येतं की तांबं मुख्यतः क्युप्रस आहे.

मग लाल रंग क्युप्रस तांब्याचा? क्युप्रस आयनाचं इलेक्ट्रॉन कॉन्फिगरेशन लिहा. डी-ऑर्बिटल्स पूर्ण भरलेली आहेत, म्हणजे डी-डी संक्रमण नाही. काचेत विरघळलेलं क्युप्रस तांबं रंगहीन असतं. याचा अर्थ, ज्या तांब्याचा वाटा सगळ्यात मोठा तो रंगात काहीच भर घालत नाही, आणि ज्याचा वाटा नगण्य, त्या धातूच्या कणांनी अख्खी फुलदाणी लाल केलेली असते.

आमटीत हिंग किती असतो? पातेल्याची सरासरी काढली तर ती तूरडाळ आणि पाणी आहे. पण फोडणीचा वास घराबाहेरून येणाऱ्यालाही कळतो. सरासरी मोजणारं तंत्र तुम्हाला डाळच दाखवणार, आणि तुमचा प्रश्न हिंगाचा आहे.

हा वाद बरीच वर्षं चालला. रंग धातूच्या कणांचा, की क्युप्रस ऑक्साइडच्या बारीक स्फटिकांचा, की दोन्हींचा? सगळ्याच लाल झिलयांना एकच उत्तर लागू पडेल असं मला वाटत नाही. पण वाद सोडवायची वाट स्पष्ट आहे. सरासरीवर थांबायचं नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष कण शोधायचे, ते कुठल्या थरात आहेत ते बघायचं. कारण थर हीसुद्धा वेगळी भानगड आहे. रक्तासारख्या लाल झिलईत वरचा थर बहुधा जवळजवळ रंगहीन असतो आणि लाल त्याच्याखाली बसलेला असतो. चवळी-लालच्या बाबतीत अभ्यासक असं मानतात की आधी पारदर्शक झिलईचा थर, मग तांब्याचा रंग फुंकून, मग पुन्हा पारदर्शक झिलई. फुंकण्याचं वर्णन कागदावर आहे. फ्रान्स्वा दांत्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक कांगशीच्याच काळात जिंगदेझेनला राहिला आणि त्याने १७१२ आणि १७२२ साली दोन लांबलचक पत्रं लिहिली. बांबूच्या नळीच्या तोंडाला पातळ जाळीदार कापड बांधून त्यातून रंग फुंकायचा, असं तो लिहितो. स्प्रे-पेंटिंगच समजा.

आता एक्सआरएफची आणखी एक खोच. सिलिकॉनचे क्ष-किरण दुबळे असतात, ते झिलईच्या अगदी वरच्या पापुद्र्यातूनच बाहेर येऊ शकतात. तांब्याचे जास्त जोरकस, ते बरेच खोलून येतात. म्हणजे थर असलेल्या वस्तूत एकाच आकडेवारीतला सिलिकॉनचा आकडा एका खोलीचा आणि तांब्याचा दुसऱ्या खोलीचा. सॉफ्टवेअर मात्र दोन्ही एकाच थरातले समजून त्यांची टक्केवारी काढून देतं, दोन दशांश स्थळांपर्यंत. ते दोन दशांश आकडे बघून खूश होणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्ही होऊ नका.

अखंड वस्तू गप्प असते

थर बघायचे तर काप घ्यायला हवा, कण बघायचे तर केसाहून बारीक का होईना, पण सॅम्पल हवं. मॉर्गन फुलदाणीचं सॅम्पल तुम्हाला कोण देणार? कुणी देऊही नये.

मग आपल्याला हे सगळं कळलं कशावरून? मुख्यतः तुटलेल्या भांड्यांवरून.

जिंगदेझेनमध्ये झुशान नावाच्या ठिकाणी मिंग काळातला राजेशाही भट्ट्यांचा कारखाना होता. सम्राटासाठी बनलेलं भांडं जराही बिघडलं तर ते बाहेर जाता कामा नये, म्हणून मुद्दाम फोडून तिथेच पुरलं जाई. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ लिऊ शिनयुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा हे नाकारलेल्या भांड्यांचे थरच्या थर मिळाले. कुठला थर योंगले सम्राटाच्या काळातला (१४०३ ते १४२४), कुठला शुआनदेच्या (१४२६ ते १४३५). त्यांत तांब्याच्या लाल झिलईचे तुकडेही होते.

याचं मोल समजून घ्या. संग्रहालयातली अखंड फुलदाणी सुंदर असते, पण ती कुठून आली, कधी बनली, हे बहुतेक वेळा तिच्या बुडावरची अक्षरं आणि जुने मालक सांगतात. जमिनीत पुरलेला तुकडा ठरावीक थरात सापडतो. त्याची जागा ठाऊक, काळ ठाऊक, आणि तो कापायला कुणाची हरकत नाही. त्याहून महत्त्वाचं, तो बिघडलेला आहे. तो हिरवा पडला असेल, मातकट झाला असेल, झिलई ओघळून बुडाला चिकटली असेल. यशस्वी भांड्यावरून फक्त एवढंच कळतं की जमलं. बिघडलेल्या भांड्यांच्या रांगेवरून कळतं की कुंभार कुठल्या बाजूने चुकत होता, आणि म्हणून कुठे पोचायचा प्रयत्न करत होता.

(तुमच्या लॅबमध्ये "फेल" गेलेली सॅम्पल्स तारीख न घालता एका बीकरमध्ये टाकलेली असतात का? असतील तर आजच डब्या आणा आणि लेबलं लावा. एवढाच उपदेश.)

आता तो सूर्याच्या वेदीचा लाल आठवा. योंगले आणि शुआनदेच्या काळात तांब्याचा लाल फार सुंदर जमत होता. पण १५३० नंतर जियाजिंगला लाल भांडी हवी होती तेव्हा कुंभारांच्या हातून तो निघेना. मिंग काळातल्या नोंदींत त्याची दोन कारणं येतात: त्या लालसाठी लागणारी खास माती संपली, आणि भाजण्याची पद्धतही पूर्वीसारखी राहिली नाही. शेवटी तांब्याचा नाद सोडून लोहाचा लाल वापरला गेला. तो आधीच भाजलेल्या भांड्यावर कमी तापमानाला चढवतात. काम भागतं, पण दोन्ही शेजारी ठेवले तर लोहाचा लाल विटकरी दिसतो, त्याला तांब्याच्या लालची खोली नाही.

दोन कारणांपैकी खरं कुठलं? माती की हात? अर्ध्या टक्क्याचं तांबं चीनमध्ये संपेल अशी शक्यता नाही. "खास माती" म्हणजे झिलईतला आणखी कुठला घटक असू शकतो, हे मान्य. तरी माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. मधे जवळपास शंभर वर्षं गेली होती. भट्टीत हवा कधी कोंडायची हे ज्याच्या डोळ्यांना कळत होतं त्याने ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी वाचून जमलं असतं असं नाही. "माती संपली" हे कारण सरकारी अहवालात लिहायला सोयीचंही आहे. अर्थात हा अंदाज झाला. तो तपासायचा तर दोन्ही काळांतले तुकडे, झिलई आणि माती दोन्हींसाठी, एकाच पद्धतीने मोजायला हवेत.

लाल पुन्हा आला तो कांगशीच्या काळात. १७०५ ते १७१२ या काळात लांग तिंगजी जियांगशीचा गव्हर्नर होता आणि राजेशाही भट्ट्या त्याच्या देखरेखीखाली होत्या. त्याच्या नावावरून त्या गडद लालला आजही लांग-भट्टीचा लाल म्हणतात. चिनी कुंभारांत याबद्दल एक म्हण आहे, तिचा मथितार्थ असा की लवकर भिकेला लागायचं असेल तर हा लाल भाजायला घ्या.

म्हण शब्दशः खरी ठरल्याचं उदाहरण चीनबाहेरचं आहे. ह्यू रॉबर्टसन हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी गावचा कुंभार. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्याने चिनी भांडी पाहिली आणि त्या लालने त्याला झपाटलं. १८८० च्या दशकात वर्षानुवर्षं तो एकाच रंगामागे लागला. रंग जमला. थोडीच भांडी निघाली, पण सुरेख निघाली. आणि १८८९ मध्ये पैसे संपल्यामुळे कारखाना बंद करावा लागला. मॉर्गन फुलदाणीला १८,००० डॉलर मिळाले ते याच दशकात, हे विसरू नका. जुन्या लालला बाजार होता, नव्याला नव्हता.

युरोपात मात्र हीच गोष्ट वेगळ्या रीतीने झाली. पॅरिसजवळच्या सेव्र कारखान्यातल्या रसायनज्ञांकडे खुद्द जिंगदेझेनचा कच्चा माल होता. १८८२ साली शेर्झर नावाच्या फ्रेंच वकिलाने तिथे जाऊन नमुने गोळा करून पाठवले आणि जॉर्ज व्होग्ट याने त्यांचं पृथक्करण केलं. बर्लिनमध्ये हेर्मान सेगर तांब्याच्या लालवर काम करत होता. भट्टीत ठरावीक तापमानाला वाकणारे शंकू, ज्यांना आज कुंभार सेगर कोन म्हणतात, ते त्याचेच. यांनी लाल जमवला तो मोजून, कुंभाराच्या नजरेला पर्याय म्हणून गॅसचं नियंत्रण आणि तापमानाची खूण वापरून. रॉबर्टसन मोठा की सेगर, असा प्रश्न मला पडत नाही. पण पुढच्या माणसाला ज्याचं काम उचलून घेता आलं, तो सेगर.

मग फुलदाणी खरी कशावरून?

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, कारण लिलावात एकरंगी राजेशाही भांड्यांना आज मिळणारे आकडे डोळे पांढरे करणारे असतात. २०१७ मध्ये हाँगकाँगला सोंग काळातलं, फिकट निळसर झिलईचं ब्रश धुण्याचं एक छोटं वाडगं २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. एवढा पैसा असेल तिथे नकला असणारच.

बुडावरची अक्षरं फारशी मदत करत नाहीत. कांगशीच्या काळातले कुंभारच आपल्या भांड्यांवर मिंग सम्राटांची नावं घालत, कधी आदरापोटी तर कधी भाव वाढावा म्हणून. नंतरच्यांनी कांगशीचं नाव घातलं.

एक्सआरएफ इथे कामाला येतं, पण एकाच दिशेने. लाल झिलईत कॅडमियम आणि सेलेनियम सापडलं तर खेळ खलास, तो विसाव्या शतकातला रंग आहे. झिर्कोनियमने दुधाळ केलेली झिलई सापडली तरी तेच. म्हणजे यंत्र "नाही" ठामपणे म्हणू शकतं. "हो" म्हणू शकत नाही, कारण जिंगदेझेनमध्ये आजही कुंभार आहेत, डोंगर तेच आहेत, आणि कुणी जुन्याच दगडापासून जुन्याच पद्धतीने झिलई केली तर मूलद्रव्यांची यादी जुळणारच.

मग थर्मोल्युमिनेसन्स. मातीतले स्फटिक आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत भाजलं की साठा शून्य होतो आणि तिथून पुन्हा मोजणी सुरू होते. प्रयोगशाळेत सॅम्पल तापवलं की साठा प्रकाश बनून बाहेर येतो, त्यावरून भाजून किती वर्षं झाली ते कळतं. झकास कल्पना आहे. पण पोर्सेलिनसाठी बुडातून ड्रिलने छोटासा गाभा काढावा लागतो, आणि अनिश्चितता सहज पंधरा-वीस टक्के असते. तीनशे वर्षांवर वीस टक्के म्हणजे साठ वर्षं इकडे-तिकडे. परवा भाजलेली नक्कल यात पकडली जाईल. पण कांगशी की त्याचा नातू छियानलोंग, हे यातून ठरणार नाही. वर, नक्कल करणारे कृत्रिम किरणोत्सर्ग देऊन "वय" वाढवू शकतात आणि हे प्रकार घडलेले आहेत.

मॉर्गन फुलदाणीबद्दल कुणाला शंका आहे असं नाही, पण समजा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तुम्हाला तिचं वय सिद्ध करायचं आहे. सगळ्यात मजबूत पुरावा कुठला? मला विचाराल तर १८८६ चा लिलाव. त्या दिवशी ती न्यूयॉर्कमध्ये होती, त्यावर एवढा गदारोळ झाला की नोंद पुसता येणार नाही. म्हणजे विसाव्या शतकातल्या सगळ्या नकला एका फटक्यात बाद. उरतो एकच प्रश्न: कांगशी काळातली की नंतर त्याच धर्तीवर बनलेली? तिथे आकार, अक्षरांचं वळण, पायाची घडण आणि कांगशीच्याच काळातल्या बाकी भांड्यांशी तुलना हे कामाला येतं. ही सगळी डोळ्यांची कामं आहेत, आणि आपण सायन्सवाले त्यांना उगाच कमी लेखतो. भोक पाडून मिळणाऱ्या उत्तराची रुंदी आणि न पाडता मिळणाऱ्या उत्तराची रुंदी आधी कागदावर शेजारी-शेजारी लिहा. बऱ्याचदा ड्रिल काढायची गरजच उरत नाही.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी आहेत. जाऊन बघा. पाटी वाचण्याआधी प्रत्येक भांड्याचा काठ बघा, मग पाया, म्हणजे झिलई जिथे थांबते ती जागा. काठावर ती पातळ झाली आहे का, पायाशी थेंब धरून थांबली आहे का, पायाच्या उघड्या कडेवर माती कुठल्या रंगाची दिसते. मग ते भांडं भाजताना हवा होती की धूर, याचा अंदाज वहीत लिहा. पाटी त्यानंतर वाचा.